परतलेल्या सैनिकाला आपण काय म्हणतो?

रणांगणावर पडलेल्या सैनिकासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तो हुतात्मा होतो, शहीद होतो, त्याला वीरगती प्राप्त होते, वीरमरण येते. त्याची पत्नी वीरपत्नी होते, आई वीरमाता होते, वडील वीरपिता होतात. त्याच्या नावाने चौक होतो, कमान उभी राहते, गावातील कबड्डीच्या सामन्यांना चषक मिळतो. आता दुसरा सैनिक घ्या. तोही त्याच तुकडीत होता, त्याच बर्फात त्याच रात्री उभा होता. फरक एवढाच की तो जिवंत परत आला. त्याच्यासाठी आपल्या भाषेत शब्द किती? एकच, माजी सैनिक.

'माजी' हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा अर्थ होऊन गेलेला, सरलेल्या काळातला. म्हणजे जो मेला त्याला आपण 'अमर रहे' म्हणतो आणि जो जिवंत आहे त्याला 'होऊन गेलेला' म्हणतो. शब्द योगायोगाने असे रुळत नाहीत. समाजाच्या मनात जे असते तेच त्याच्या तोंडी येते, आणि जे शब्द तोंडी येतात तेच पुढे कागदावर उतरतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. देशभक्तीची प्रतीके आपण ज्या उत्साहाने उंचावतो, त्याच्या शतांश काळजीनेही ती प्रतीके अंगावर वागवलेल्या जिवंत माणसाचे म्हणणे आपण ऐकत नाही. उलट तो बोलू लागला की ध्वजाचा, पदकाचा, गणवेशाचा धाक घालून त्यालाच गप्प बसवतो. हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. त्याची अर्धी लढाई शब्दांची आहे आणि सीमाभागात ती अधिकच शब्दांची आहे. भाषेच्या चळवळीला निवृत्तिवेतनाशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांनी पुढचे विवेचन शांतपणे वाचावे.

'शिपाई' शब्दाची उतरण

फारसी 'सिपाही' मराठीत 'शिपाई' झाला तेव्हा तो मानाचा शब्द होता. 'शिपाईगडी', 'शिपाईबाणा' या जोडशब्दांत तो ताठपणा अजून टिकून आहे. पण आज बेळगावपासून बडोद्यापर्यंत कोणत्याही मराठी घरात 'ते शिपाई आहेत' असे सांगितले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभा राहतो? कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसलेला, फायली पोहोचवणारा, साहेबांचा चहा आणणारा माणूस.

शब्दाची ही उतरण आणि माणसाची उतरण वेगळी नाही. सैन्यातील शिपाई साधारण पस्तीस ते चाळीस या वयात घरी येतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, घराचे कर्ज बाकी असते. इतर नोकरदारांची मिळकत ज्या वयात वाढू लागते, त्या वयात याची थांबते. मग तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो किंवा कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहितो. नाईक, हवालदार ही आजच्या मराठा पलटणींतली पदनामे शिवकालीन पायदळातही होती. पाइकांवर नाईक आणि नाइकांवर हवालदार अशी ती उतरंड होती. तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेली पदनामे आपण अभिमानाने सांगतो. ती पदे धारण केलेल्या माणसाला मात्र आपण फाटकावर पाहतो, आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही.

हरवलेला एक शब्द

मराठीत नेहमीच अशी दरिद्री अवस्था होती असे नाही. पेशवाईतल्या कागदपत्रांत 'बालपरवेशी' असा एक शब्द येतो. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकारातून जी नेमणूक चालत असे, तिला हे नाव होते. या शब्दाकडे नीट पाहावे. त्यात 'वीर' नाही, 'अमर' नाही, 'बलिदान' नाही. त्यात बालक आहे आणि त्याची परवरिश, म्हणजे संगोपन आहे. मेलेल्याचा गौरव करण्याऐवजी मागे राहिलेल्यांच्या ताटाचा विचार करणारा तो शब्द आहे.

त्या काळचे राज्य आदर्श होते असे आम्ही म्हणत नाही. नेमणुका अडत, थकत, दरबारात खेटे घालावे लागत. पण त्या राज्याच्या दफ्तरी भाषेत या जबाबदारीला नाव होते आणि ज्याला नाव असते त्याची नोंद होते, मागणी करता येते, थकबाकी काढता येते. आज हा शब्द कोशात पडून आहे आणि व्यवहारात आपल्याकडे हार घालणारे शब्द तेवढे उरले आहेत.

एकशे दहा मीटर

बेळगाव हे सैनिकांचे शहर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून येथे आहे. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली तीही येथेच. चंदगड, खानापूर, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात सैन्यात गेलेला माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. पहाटे रस्त्याने जाणाऱ्याला भरतीसाठी धावणारी पोरे जागोजाग दिसतात.

याच शहरात किल्ला तलावाकाठी २०१८ मध्ये एकशे दहा मीटर उंचीच्या खांबावर राष्ट्रध्वज फडकवण्यात आला. देशातील सर्वांत उंच ध्वजांपैकी तो एक. ध्वज उंच असण्यात गैर काहीच नाही. आम्हालाही तो प्रिय आहे. पण खांबाची उंची मोजणाऱ्या या उत्साहाने त्या ध्वजाखाली बसलेल्या माणसाच्या अर्जाची लांबी कधी मोजली आहे काय?

ध्वज आणि परतलेला सैनिक यांना जोडणारा एक दिवस आपल्या पंचांगात आहे, ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. कागदाचा लहानसा ध्वज शर्टाला लावायचा आणि डब्यात पैसे टाकायचे. ते पैसे माजी सैनिक, जखमी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी. या प्रतीकाची रचनाच सांगते की ध्वज लावणे हे आरंभ आहे आणि डब्यात पैसे टाकणे हा त्याचा अर्थ आहे. आज ध्वजदिनाला शाळेतली मुले डबे घेऊन फिरतात आणि मोठी माणसे सुट्टे नाहीत म्हणून पुढे जातात. तीच माणसे १५ ऑगस्टला मोटारसायकलवर सहा फुटी झेंडा लावून शहरभर फेरी मारतात.

प्रतीक टिकवणाऱ्या हातांचा आपल्याला विसर पडतो, हे केवळ सैनिकाच्या बाबतीत घडते असेही नाही. धारवाड जिल्ह्यातील गरगचे विणकर ध्वजासाठी खादी विणतात आणि हुबळीतील बेंगेरीचे खादी केंद्र अधिकृत ध्वज तयार करते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर बनलेल्या ध्वजांना मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लागला. ध्वजांची संख्या वाढली, पण हातमागावर बसलेल्या माणसाचे काय झाले, हे त्या उत्सवात किती जणांनी विचारले?

'आपोआप' या एका शब्दासाठी

१५ जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिकांचे साखळी उपोषण सुरू झाले. मागणी होती 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवा असेल तर समान निवृत्तिवेतन, मग निवृत्तीचे वर्ष कोणतेही असो. ही मागणी नवी नव्हती. १९७३ नंतर, तिसऱ्या वेतन आयोगापासून, हा असंतोष साचत आला होता. कारण उघड आहे. जो पस्तिशीत निवृत्त होतो तो पुढची चाळीस वर्षे जुन्या दरावर जगतो. त्याच्यानंतर वीस वर्षांनी निवृत्त झालेल्या, त्याच हुद्द्याच्या माणसाला त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक मिळते. कधीकधी कनिष्ठ हुद्द्याच्या नव्या निवृत्ताला वरिष्ठ हुद्द्याच्या जुन्या निवृत्तापेक्षा अधिक मिळते.

भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये ही मागणी रास्त ठरवली. समितीने जी व्याख्या पुढे ठेवली तिचा प्राण एका शब्दात होता. भविष्यात निवृत्तिवेतनाचे दर वाढले तर ती वाढ जुन्या निवृत्तांना 'आपोआप' मिळावी. ५ सप्टेंबर २०१५ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी तिचा आदेश निघाला. त्यात 'आपोआप'च्या जागी ठरावीक कालावधीने, म्हणजे दर पाच वर्षांनी, फेरनिश्चिती आली. योजनेचे नाव तेच राहिले आणि तिच्या पोटातला एक शब्द बदलला.

माजी सैनिक त्या एका शब्दासाठी भांडले. सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयाने सरकारचे धोरण घटनाबाह्य ठरवले नाही. मात्र १ जुलै २०१९ पासूनची फेरनिश्चिती करून थकबाकी तीन महिन्यांत द्यावी असे सांगितले. ती तीन महिन्यांत मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाला हप्त्यांचे वेळापत्रक आखून द्यावे लागले आणि शेवटच्या हप्त्याची तारीख फेब्रुवारी २०२४ अखेरची ठरली. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आधी द्यावे, असेही त्यात सांगावे लागले. असे का सांगावे लागले, हे वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही. वाट पाहणारे मरत होते.

या काळातली दोन दृश्ये प्रतीकांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १४ ऑगस्ट २०१५, स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या. जंतरमंतरवरून आंदोलकांना हटवण्यासाठी पोलीस आले. छातीवर पदके लावलेल्या वृद्धांशी झटापट झाली. दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यावर ध्वज चढणार होता आणि त्यासाठीच सुरक्षेच्या नावाखाली ध्वजाचे रखवालदार हटवले जात होते. दुसरे दृश्य नोव्हेंबर २०१५ चे. निराश झालेल्या काही माजी सैनिकांनी पदके परत करण्याचा आणि काहींनी ती जाळण्याचा प्रयत्न केला. त्यावर देशभर ओरड झाली, पदकांचा अपमान झाला, देशाचा अपमान झाला.

आम्ही विचारतो, पदक कोणाचे? ते ज्याने मिळवले त्याचे, की दूरचित्रवाणीसमोर बसून ते पाहणाऱ्याचे? १९२० च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी कैसर-ए-हिंद आणि बोअर युद्धातील सेवेची पदके ब्रिटिश सरकारला परत केली. त्या कृतीला कोणी अपमान म्हणत नाही. पदक परत करणे म्हणजे पदक नाकारणे नव्हे. 'हे देताना तुम्ही जे वचन दिले होते ते पाळा' असे सांगण्याची ती शेवटची भाषा आहे. ज्याचे शब्द ऐकले जात नाहीत तो वस्तूंनी बोलतो.

अर्ज ही आपली परंपरा

निवृत्त सैनिकाने सरकारविरुद्ध आवाज उठवणे मराठी संस्कृतीत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. महाराष्ट्रातील सामाजिक जागृतीचे एक पान सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाने लिहिले आहे. गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पुढे इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज तयार केला. पिढ्यान् पिढ्या तुमच्यासाठी लढलेल्यांना तुम्ही दारातून कसे हाकलता, असा त्याचा आशय होता. इंदूरजवळच्या महू छावणीत सुभेदार असलेले रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच दापोलीत येऊन राहिले. त्यांच्या मुलाने पुढे काय केले ते जगाला ठाऊक आहे.

प्रतीकाचे काय करायचे असते, हेही याच परंपरेने दाखवले. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. मृतांच्या त्या यादीला त्यांनी जिवंतांच्या हक्काचा पुरावा केले. पहिल्या महायुद्धात निकड होती म्हणून महारांची पलटण उभारली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली, अशी तेव्हाची स्थिती होती. वीस वर्षांनी, १९४१ मध्ये, बेळगावात महार पलटण पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे आमच्याच शहरात हे घडले आहे. प्रतीकापुढे केवळ हात जोडून काही मिळाले नाही. ते हातात घेऊन हक्क मागितला तेव्हा मिळाले. वलंगकरांच्या अर्जाला आज आपण जागृती म्हणतो. जंतरमंतरवरच्या अर्जाला मात्र 'राजकारण' म्हणतो. शंभर वर्षे उलटली की प्रत्येक आंदोलन आदरणीय होते. प्रश्न असतो तो ते चालू असताना आपण कोठे उभे होतो हा.

कागदावरचा शब्द आणि अंगावरची जखम

परतलेल्या सैनिकाचे भवितव्य किती वेळा एखाद्या शब्दप्रयोगावर अवलंबून असते, याचे आणखी एक उदाहरण पाहावे. सेवेत असताना आलेल्या अपंगत्वासाठी निवृत्तिवेतन मिळायचे तर ते अपंगत्व सैनिकी सेवेमुळे 'उद्भवलेले' किंवा सेवेमुळे 'बळावलेले' असावे लागते. वैद्यकीय मंडळाने अहवालात 'उद्भवलेले नाही, बळावलेलेही नाही' एवढे लिहिले की हक्क संपला. भरतीच्या वेळी धडधाकट असलेला जवान पंधरा वर्षांनी मिरगी, रक्तदाब किंवा मनाचा आजार घेऊन येतो आणि कागद म्हणतो, सेवेशी संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे आला असे सामान्यतः मानावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये. तरीही त्यानंतर किती जणांना न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या! २०२३ च्या नव्या नियमांत तर काही प्रकारांसाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे नवेच नाव आले. 'पेन्शन' हा हक्काचा शब्द जातो आणि 'रिलीफ' हा दिलाशाचा शब्द येतो तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने कान टवकारलेच पाहिजेत.

कारण हा भेद आपल्या न्यायालयाने फार पूर्वी निकालात काढलेला आहे. १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा प्रकरणातील निकालाने सांगितले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेतून निर्माण झालेला तो हक्क आहे. मराठी शब्द तर हे आधीच सांगतो. निवृत्ति-वेतन, म्हणजे ते वेतनच आहे, दान नव्हे.

शब्दाची सर्वांत ताजी कसोटी 'अग्निवीर' ही आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम ठेवणार, बाकीचे सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजारांचा 'सेवानिधी' घेऊन घरी येणार. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ज्या 'माजी' शब्दाला आम्ही वर नावे ठेवली तोही या मुलांच्या वाट्याला येणार नाही. नावात अग्नी आहे, वीर आहे, पण त्या नावाला जोडलेला हक्क शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले. चार वर्षांचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. पहाटेच्या रस्त्यांवर धावणारी आपली पोरे पंचविशीच्या आत परत येतील तेव्हा त्यांना काय म्हणायचे, हे आपण आजच ठरवलेले बरे.

सीमाभागातील कागद

आता आमच्या अंगणातला प्रश्न. सीमाभागातील मराठी सैनिक जन्मतो मराठीत, लढतो हिंदीत आणि त्याची सेवापुस्तिका असते इंग्रजीत. घरी परतल्यावर त्याला गाठतो तो कन्नडमधला कागद. उताऱ्यावर, रेशनकार्डावर, जन्ममृत्यूच्या दाखल्यावर त्याचे आणि बायकोचे नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना बदलत जाते. त्यात आपली चाल अशी की लग्नात सुनेचे नाव बदलायचे. माहेरच्या दाखल्यावर एक नाव, सासरी दुसरे, पलटणीच्या नोंदीत तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेले. नवरा असेपर्यंत हे चालून जाते. तो गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी नावांचा मेळ घालावा लागतो, आणि तेव्हा त्या बाईला सांगण्यात येते की ही बाई ती नव्हे.

ज्या स्त्रीला सभेत 'वीरपत्नी' म्हणून शाल मिळते तिलाच खिडकीवर ती पत्नी असल्याचे सिद्ध करावे लागते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल, वारसदाखला, सगळे तिला न वाचता येणाऱ्या भाषेत. अंगठा कोठे उठवला तेही तिला दुसरा सांगतो. यात मध्यस्थांचे फावते ते वेगळेच.

राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क कोणाच्या मेहेरबानीवर नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळावीत ही मागणी आम्ही वर्षानुवर्षे करत आलो आहोत. तिला 'भाषावाद' म्हणून हिणवले गेले. सैनिकाच्या विधवेच्या हातातला तो न वाचता येणारा कागद पाहावा आणि मग सांगावे, हा भाषावाद आहे की भाकरीचा प्रश्न आहे? आणि हे आम्ही केवळ मराठीपुरते म्हणत नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कन्नडभाषक सैनिकाला त्याचे कागद कन्नडमध्ये मिळाले पाहिजेत, हीच आमची भूमिका आहे. खंदकात शेजारी बसलेल्या दोघांची भाषा वेगळी होती म्हणून घरी परतल्यावर एकाचाच अर्ज वाचला जावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

सीमावासीयांना तर हा धडा वेगळा शिकवण्याची गरज नसावी. १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ च्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी न चुकता अभिवादन करतो, ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन, खटले अंगावर घेऊन जे घरी परतले त्यांच्यासाठी कोणता दिवस आहे? मृतांची आठवण सोपी असते, कारण मृत काही मागत नाहीत. जिवंत माणूस मागतो. म्हणून तो अडचणीचा वाटतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शिस्तीचा. सैनिकाने रस्त्यावर उतरू नये, त्याने सैन्याची शिस्त बिघडते. सेवेतील सैनिकाचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला दिली आहे, आणि ते बंधन त्याने वीस वर्षे मुकाट पाळले. निवृत्त झाला त्या दिवशी ते संपले. त्यानंतर तो तुमच्याआमच्यासारखा नागरिक आहे. आयुष्यभर गप्प राहिल्याचे बक्षीस म्हणून त्याने पुढेही गप्प राहावे, ही अपेक्षा शिस्तीची नाही, सोयीची आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढा खर्च देशाला झेपणार कसा? तिजोरीला मर्यादा असतात हे आम्हाला मान्य आहे. त्यावर हिशेबाने बोलावे, आकडे मांडावेत, वाटाघाटी कराव्यात. माजी सैनिकही आकडे घेऊनच बसले होते. पण हिशेबाच्या टेबलावर कोणी ध्वज आणून ठेवू नये. 'देशासाठी लढलात, आता पैशासाठी भांडता?' हे वाक्य कधी कंत्राटदाराला ऐकवले जात नाही, आमदाराच्या निवृत्तिवेतनाच्या वेळी ऐकवले जात नाही. ते फक्त सैनिकाला ऐकवले जाते, कारण त्याची देशभक्ती हीच त्याची अडवणूक करण्यासाठी वापरता येते.

देणे

आम्ही सुचवतो ते अवघड नाही. सीमाभागातील प्रत्येक मराठी संस्थेने, ग्रंथालयाने, युवक मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या अर्जांसाठी ठेवावी. नावांचा मेळ, वारसनोंद, हयातीचा दाखला ही कामे शिकून घेतलेली दोन मुले एका गावाला पुरतात. सेवेतील जवानाने सुटीवर आल्यावर पत्नीचे नाव, लग्नाची नोंद, मुलांच्या जन्मतारखा पलटणीच्या नोंदीशी पडताळून पाहाव्यात. अर्ज आपल्या भाषेत द्यावा, त्यावर ३५० व्या अनुच्छेदाचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. आणि पुढच्या वेळी माजी सैनिक रस्त्यावर बसलेले दिसले तर त्यांना देशभक्ती शिकवण्याआधी त्यांच्या हातातला फलक तरी वाचावा.

परतलेल्या सैनिकासाठी नवा गौरवशब्द घडवावा असे आम्ही म्हणणार नाही. शब्दांच्या माळा पुष्कळ झाल्या. मराठीत श्रद्धांजली 'वाहतात' आणि वाहिली की ती संपते. पण 'देणे' हा मराठीतला विलक्षण शब्द आहे. तो क्रियापद आहे आणि नामही आहे. देणे म्हणजे हातातून देणे, आणि देणे म्हणजे डोक्यावरचे ऋणही. सैनिकाच्या बाबतीत आपण दुसरा अर्थ विसरलो आहोत. जे परत आले नाहीत त्यांचे देणे कोणालाच फेडता येणार नाही. जे परत आले आहेत त्यांचे फेडता येते, आणि ते मागायला आले तर त्यांना याचक म्हणू नये. आपल्या भाषेत अशा माणसाला सावकारही नव्हे, धनको म्हणतात.